इंटरनेटवरून फोन: आवाजाचा प्रवास नाशिक ते न्यू जर्सी

इंटरनेटवरून फोन करणे म्हणजे बोलणाऱ्याच्या आवाजाचे आकडे करायचे, त्या आकड्यांचे लहान लहान तुकडे पाडायचे आणि ज्या जाळ्यातून ई-मेल, फोटो व व्हिडिओ जातात त्याच जाळ्यातून ते दुसऱ्या टोकाला पोहोचवायचे. तंत्रज्ञ याला व्हॉइस ओव्हर इंटरनेट प्रोटोकॉल किंवा व्हीओआयपी म्हणतात. नाव अनोळखी असले तरी वापर घरोघरी आहे. गंगापूर रोडवरच्या घरातून न्यू जर्सीतल्या नातवंडांना लावलेला व्हॉट्सअ‍ॅप कॉल, जिओच्या सिमवरून केलेला साधा फोन, फायबरच्या जोडणीबरोबर मिळणारा लँडलाइन नंबर आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले आयपी फोन हे सगळे याच तंत्राचे प्रकार आहेत. पूर्वी फोन चालण्याची हमी एका तारेत आणि एका खात्यात होती. आता ती राउटर, टॉवर, समुद्राखालची केबल, अ‍ॅप आणि घरची वीज अशा अनेकांत वाटली गेली आहे. त्यामुळे फोन कसा चालतो हे माहीत असणे वापरणाऱ्याच्याच उपयोगाचे ठरते.

एका कॉलला एक वाट

भारतातील पहिली टेलिफोन एक्सचेंज २८ जानेवारी १८८२ रोजी मुंबई, कोलकाता आणि मद्रास येथे सुरू झाली. त्यानंतरच्या शंभराहून अधिक वर्षांत यंत्रे बदलली, पण तत्त्व तेच राहिले. दोन माणसे बोलत असेपर्यंत त्यांच्यामध्ये एक अखंड वाट राखून ठेवायची, याला सर्किट स्विचिंग म्हणतात. नाशिकहून मुंबईला बोलायचे तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे चढत्या दराचे प्रकार होते. ऑपरेटर मधल्या तारा जोडून देई आणि वाट मोकळी नसेल तर तासन्‌तास थांबावे लागे. १९६० मध्ये कानपूर-लखनौ मार्गावर देशातील पहिली एसटीडी सेवा सुरू झाली. पुढे नाशिकचा ०२५३ हा कोड फिरवला की कॉल ऑपरेटरविना लागू लागला.

राखून ठेवलेल्या वाटेचा फायदा मोठा होता. एकदा कॉल लागला की आवाज एकसारखा येई आणि उशीर कधी कमी-जास्त होत नसे. तोटाही तेवढाच मोठा. संभाषणात एक बोलतो तेव्हा दुसरा ऐकतो, मध्ये विराम येतात, म्हणजे वाटेचा निम्मा भाग सतत रिकामाच असतो. तरीही ती वाट दुसऱ्या कोणाला देता येत नसे, आणि या अडवलेल्या वाटेचेच बिल अंतर व मिनिटांच्या हिशेबाने येई.

आवाजाचे आकडे

आवाज म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. फोनचा माइक त्याचे विजेच्या चढउतारात रूपांतर करतो. माणसाचे बोलणे समजायला साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढा पट्टा पुरतो, हे टेलिफोन अभियंत्यांनी फार पूर्वी ठरवले. एखाद्या लहरीतील सर्वांत वेगवान कंपनाच्या दुपटीहून अधिक वेळा तिची उंची मोजली, तर त्या मोजमापांवरून मूळ लहर पुन्हा उभी करता येते, असा गणिती नियम आहे. म्हणून टेलिफोनचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटमध्ये लिहितात. दोन्हींचा गुणाकार येतो सेकंदाला ६४,००० बिट. ब्रिटिश अभियंता अ‍ॅलेक रीव्ह्ज यांनी ही कल्पना १९३७ मध्ये मांडली. तिच्यावर आधारलेले जी.७११ हे मानक आजही वापरात आहे.

आवाजाचे आकडे करणाऱ्या आणि आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या प्रणालीला कोडेक म्हणतात. ६४,००० बिट पाठवणे जाळ्याला झेपत नसेल तर कोडेक आवाज आवळतो. या कामात एका भारतीय नावाचा मोठा वाटा आहे. बेल लॅब्जमधील शास्त्रज्ञ बिष्णू अटल यांनी लिनिअर प्रेडिक्शनच्या पद्धतीवर पायाभूत काम केले. बोलताना घसा, जीभ आणि ओठ यांची ठेवण क्षणाक्षणाला फार बदलत नाही. त्यामुळे आधीच्या मोजमापांवरून पुढच्याचा अंदाज बांधता येतो आणि अंदाज चुकला तेवढाच फरक पाठवला की भागते. १९८५ मध्ये अटल आणि मॅनफ्रेड श्रोडर यांनी मांडलेल्या सुधारित पद्धतीवर मोबाईलमधील अनेक कोडेक उभे आहेत. जी.७२९ हा कोडेक अवघ्या ८,००० बिटमध्ये समजण्याजोगे बोलणे पोहोचवतो. २०१२ मध्ये मानक म्हणून मान्य झालेला ओपस हा कोडेक जाळ्याच्या अवस्थेप्रमाणे चालू कॉलमध्येच आपली गरज कमी-जास्त करतो. चांगल्या वाय-फायवर आवाज अगदी जवळून आल्यासारखा वाटतो आणि रेंज कमी झाली की तो दबका होतो, त्याचे एक कारण हे आहे.

एका सेकंदाची पन्नास पॅकेटे

आकडे तयार झाले की त्यांची पॅकेटे बनतात. बहुतेक प्रणालींत एका पॅकेटमध्ये २० मिलिसेकंदांचा, म्हणजे सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचा आवाज असतो. जी.७११ मध्ये एवढ्या आवाजाचे १६० बाइट होतात. त्यांच्यापुढे ४० बाइटचा मजकूर जोडला जातो. पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता, पॅकेटचा अनुक्रमांक आणि ते कोणत्या क्षणाचे आहे याची नोंद त्यात असते. असे २०० बाइटचे एक पॅकेट, सेकंदाला ५० पॅकेटे, म्हणजे सेकंदाला ८०,००० बिट. दहा मिनिटांच्या गप्पांत एका बाजूने ३०,००० पॅकेटे निघतात आणि दुसऱ्या बाजूने तितकीच येतात. जी.७२९ मध्ये २० मिलिसेकंदांचा आवाज फक्त २० बाइटचा असतो. तिथे पत्त्याचा मजकूर आवाजाच्या दुप्पट भरतो!

जाळ्यातील प्रत्येक राउटर पॅकेटवरचा पत्ता वाचतो आणि ते पुढच्या राउटरकडे ढकलतो. कॉलसाठी वाट अशी राखलेली नसते. एकाच फायबरमधून हजारो कॉल, बँकेचे व्यवहार आणि चित्रपट एकमेकांत मिसळून जातात. फोन स्वस्त होण्याचे मुख्य कारण हेच.

ई-मेल किंवा वेबपान पाठवताना एखादे पॅकेट हरवले तर ते पुन्हा मागवले जाते, कारण त्यातले एकही अक्षर गळून चालत नाही. बोलण्यात उलटे असते. हरवलेले पॅकेट अर्ध्या सेकंदाने आले तर त्याचा उपयोग नसतो. तोवर बोलणारा पुढच्या शब्दावर गेलेला असतो. म्हणून आवाज बहुतेक वेळा यूडीपी या पद्धतीने पाठवतात. तिच्यात पुन्हा मागणी करण्याची सोय नसते आणि त्यामुळे खोळंबाही नसतो. पॅकेटांचा क्रम आणि वेळ सांभाळण्याचे काम आरटीपी हा प्रोटोकॉल करतो. तो १९९६ मध्ये मानक म्हणून प्रसिद्ध झाला.

जाळ्यातून आवाज पाठवण्याचे पहिले प्रयोग अमेरिकेतील अर्पानेटवर १९७४ मध्येच झाले होते. सामान्य माणसाच्या संगणकावर ही सोय १९९५ मध्ये व्होकलटेक या इस्रायली कंपनीच्या इंटरनेट फोनने आणली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. २००३ मध्ये स्काइप आले आणि परदेशी शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मुलांशी घरून बोलणे मध्यमवर्गाच्या आवाक्यात आले.

घंटी कशी वाजते

आवाज जाण्याआधी कोण कोणाला बोलावतो आहे, तो कुठे आहे आणि दोघांचे फोन कोणता कोडेक वापरू शकतात, हे ठरावे लागते. या बोलाचालीला सिग्नलिंग म्हणतात. त्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा प्रोटोकॉल म्हणजे सिप. १९९९ मध्ये त्याची पहिली आवृत्ती आणि २००२ मध्ये सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली.

फोन चालू होताच तो आपल्या सर्व्हरकडे नोंदणी करतो आणि सध्याचा पत्ता कळवतो. नाशिकरोडच्या ऑफिसातून पुण्याच्या शाखेला आयपी फोन लावला, की आधी इन्व्हाइट नावाचा संदेश निघतो. कॉल करणाऱ्याला कोणते कोडेक येतात आणि त्याचा आवाज कोणत्या पत्त्यावर घ्यायचा, हे त्यात लिहिलेले असते. सर्व्हर ‘प्रयत्न चालू’ या अर्थाचा १०० क्रमांकाचा संदेश परत पाठवतो. पुण्याच्या फोनची घंटी वाजू लागली की १८० क्रमांकाचा संदेश येतो आणि नाशिकमध्ये ट्रिंग ऐकू येते. रिसीव्हर उचलला की २०० क्रमांकाचा होकार, त्यावर नाशिककडून पोच, आणि मग आवाजाची पॅकेटे धावू लागतात. फोन व्यस्त असेल तर ४८६ येतो. बोलणे संपले की बाय हा संदेश जातो आणि कॉल बंद होतो.

सिग्नलिंग सर्व्हरमार्फत होते, पण आवाज शक्य तिथे दोन फोनांमध्ये थेट जातो. घरच्या राउटरमागे असलेल्या फोनचा पत्ता मात्र बाहेरच्या जगाला दिसत नाही. तो पत्ता फक्त त्या घरापुरता असतो. अशा वेळी अ‍ॅप आधी बाहेरून आपला पत्ता कसा दिसतो हे विचारून घेते आणि थेट वाट सापडली नाही तर मधल्या रिले सर्व्हरमार्फत आवाज पाठवते. घंटी वाजते, कॉल उचलला जातो, पण एका बाजूला काहीच ऐकू येत नाही, अशी तक्रार ऑफिसच्या आयपी फोनबाबत बऱ्याचदा असते. तिचे मूळ बहुधा राउटरमागच्या या पत्त्यांत निघते.

नाशिक ते न्यू जर्सी

न्यू जर्सीला लावलेला कॉल नाशिकहून जमिनीत पुरलेल्या ऑप्टिकल फायबरने घाट उतरून मुंबईत येतो आणि तिथून समुद्राखालच्या केबलमध्ये शिरतो. सी-मी-वी ४ ही अशीच एक केबल मुंबईला अरबी समुद्र, तांबडा समुद्र आणि इजिप्तमार्गे फ्रान्समधील मार्सेयशी जोडते. युरोपातून पुढे अटलांटिकखालच्या केबली अमेरिकेला पोहोचवतात. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. नाशिक ते मुंबई हे अंतर तो एका मिलिसेकंदाच्या आत कापतो. अमेरिकेपर्यंतचा मार्ग १६,००० किलोमीटर धरला तर प्रवासाला ८० मिलिसेकंद लागतात. त्यात पॅकेट भरण्याचा, राउटरांचा आणि ऐकणाऱ्याच्या फोनमधील थांब्याचा वेळ मिळवायचा.

उपग्रहाच्या जमान्याशी तुलना केली की यातला फरक कळतो. नाशिक-पुणे रस्त्यावरील नारायणगावजवळ आर्वी येथे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला विक्रम उपग्रह भूकेंद्र उभे राहिले आणि परदेशी फोन उपग्रहामार्फत जाऊ लागले. तो उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. वर जाऊन खाली येण्यातच पाव सेकंद जातो. प्रश्न आणि उत्तर धरून अर्धा सेकंद. म्हणून त्या काळी परदेशी फोनवर दोघे एकदम बोलू लागत आणि दोघे एकदम थांबत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार एका दिशेचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर संभाषण सहज चालते. ४०० च्या पुढे ते चालवणे अवघड होते.

वाट राखलेली नसण्याचा एक फायदा संकटात दिसतो. ३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ सी-मी-वी ४ आणि फ्लॅग या केबली तुटल्या. भारताचे इंटरनेट मंदावले, पण बंद पडले नाही. पॅकेटे पूर्वेकडच्या लांब मार्गाने वळवली गेली.

आवाज का तुटतो

‘आवाज तुटतोय’ या एका तक्रारीमागे तीन वेगळी कारणे असू शकतात. पहिले, उशीर. तो अंतरामुळे किंवा वाटेतील गर्दीमुळे वाढतो आणि त्याने दोघांचे बोलणे एकमेकांवर आदळते. दुसरे, पॅकेटांची अनियमित आवक, म्हणजे जिटर. निघताना दर २० मिलिसेकंदांनी निघालेली पॅकेटे पोहोचताना कधी ५, तर कधी ६० मिलिसेकंदांच्या अंतराने येतात. फोन ती थोडा वेळ साठवून, क्रम लावून सारख्या गतीने वाजवतो. साठवण कमी ठेवली तर शब्द तुटतात आणि जास्त ठेवली तर उशीर वाढतो, त्यामुळे फोन सतत मध्य साधत असतो. तिसरे, पॅकेटे हरवणे. एखाददुसरे पॅकेट गेले तर फोन मागच्या आवाजावरून ती फट बुजवतो आणि कानाला कळतही नाही. सलग पाच-सहा गेली की अख्खे अक्षर गळते किंवा आवाज यंत्रासारखा होतो.

डेटाचा वेग जास्त म्हणजे फोन चांगला, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे. एका कॉलला लागतात जेमतेम १०० किलोबिट आणि घरची जोडणी असते ५० किंवा १०० मेगाबिटची. तरीही त्याच वेळी मोबाईलवरचे फोटो क्लाउडवर चढू लागले, तर राउटरमध्ये रांग लागते आणि २०० बाइटचे पॅकेट मोठ्या फायलींच्या मागे अडकते. वेग भरपूर असूनही आवाज तुटतो तो या रांगेमुळे.

तीन प्रकारच्या वाटा

या रांगेत आवाजाला पुढे काढायचे की नाही, यावर इंटरनेट फोनचे प्रकार पडतात. ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झालेल्या जिओकडे जुन्या पद्धतीचे २जी-३जी जाळेच नव्हते. तिचा प्रत्येक कॉल व्हीओएलटीई, म्हणजे ४जी डेटा जाळ्यावरचा पॅकेट कॉल होता. त्याआधीच्या ४जी फोनवर कॉल आला की फोन ३जी किंवा २जीवर उतरे आणि नेट मंदावे किंवा थांबे. व्हीओएलटीईमध्ये टॉवर आवाजासाठी ठरावीक क्षमता बाजूला काढतो आणि त्या पॅकेटांना डेटाच्या आधी सोडतो. जुन्या सर्किटची हमी इथे काही अंशी परत आली आहे.

व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपचा कॉल टॉवरच्या दृष्टीने इतर डेटासारखाच असतो. सिंहस्थ कुंभमेळ्यात रामकुंडाच्या परिसरात लाखो भाविक जमतात तेव्हा दोन्हींतला फरक ठळक होतो. टॉवरची राखीव क्षमता संपली तर नवा व्हीओएलटीई कॉल लागतच नाही, पण लागलेला बराच टिकतो. अ‍ॅपचा कॉल लागतो, पण गर्दीत त्याची पॅकेटे मागे पडून बोलणे तुकड्यातुकड्यांनी येते. अशा वेळी लिखित संदेश पाठवणे सर्वांत भरवशाचे, कारण तो काही सेकंद उशिरा पोहोचला तरी पूर्ण पोहोचतो.

तिसरा प्रकार वाय-फाय कॉलिंगचा. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय आणली. यात फोन घरच्या वाय-फायवरून मोबाईल कंपनीच्या जाळ्यापर्यंत सुरक्षित बोगदा तयार करतो आणि नेहमीचाच नंबर वापरून कॉल करतो. पंचवटी किंवा भद्रकालीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींआड टॉवरची रेंज पोहोचत नाही, तिथे तिचा उपयोग होतो. सुरगाणा, पेठ आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात तिचे मोल आणखी मोठे आहे. गावात रेंज नसली, पण भारतनेटचे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत पोहोचून चालू असेल, तर त्या फायबरला जोडलेल्या वाय-फायवरून आरोग्य उपकेंद्रातला ही सोय असलेला मोबाईलही बोलू शकतो. फायबर टाकण्याइतकेच ते चालू ठेवणे महत्त्वाचे आहे ते यासाठी.

नंबर, परवाना आणि फसवणूक

दोघेही एकच अ‍ॅप वापरत असतील तर कॉल पूर्णपणे इंटरनेटवर राहतो. अ‍ॅपवरून साध्या फोन नंबरवर बोलायचे तर मध्ये गेटवे लागतो. तो एका बाजूने पॅकेटे घेतो आणि दुसऱ्या बाजूने टेलिफोनच्या जाळ्यात कॉल सोडतो. भारतात इंटरनेट टेलिफोनीला १ एप्रिल २००२ पासून मर्यादित परवानगी मिळाली. संगणकावरून परदेशातील फोनवर बोलता येई, देशातील फोनवर नाही. २०१८ मध्ये परवानाधारक कंपन्यांना नंबरसह ही सेवा देण्याची वाट मोकळी झाली आणि बीएसएनएलने जुलै २०१८ मध्ये विंग्ज ही सेवा जाहीर केली.

गेटवेवर परवान्याचे बंधन का, हे लातूरच्या प्रकरणावरून समजते. जून २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने तिथे बेकायदा टेलिफोन एक्सचेंज उघडकीस आणली. परदेशातून इंटरनेटवर आलेला कॉल अनेक सिमकार्डे बसवलेल्या यंत्रातून स्थानिक कॉल म्हणून सोडायचा, अशी ती पद्धत. त्यात सरकारचा महसूल बुडतो आणि खरा फोन करणारा कोण, हे लपते. इंटरनेटवर नंबर हा केवळ संदेशातील एक मजकूर असल्याने तो खोटा घालता येतो. परदेशातून येणारे, पण भारतीय नंबर दाखवणारे कॉल अडवण्यासाठी दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४ मध्ये स्वतंत्र यंत्रणा सुरू केली. स्क्रीनवर दिसणारा नंबर हा ओळखीचा पुरावा नाही, हे खोटे पोलीस बनून फोनवर धमकावणाऱ्या ‘डिजिटल अरेस्ट’च्या काळात प्रत्येकाने पक्के लक्षात ठेवावे. संशयास्पद कॉलची तक्रार संचार साथी पोर्टलवरील चक्षू सुविधेत आणि पैसे गेले असल्यास तत्काळ १९३० वर करता येते.

कारखान्यांच्या आणि ऑफिसांच्या आयपी एक्सचेंजलाही असाच धोका असतो. यंत्राचा मूळ पासवर्ड बदललेला नसेल तर बाहेरचा माणूस रात्रीतून त्यावरून परदेशी कॉल लावू शकतो आणि बिल कंपनीच्या नावावर पडते.

वीज आणि आपत्काल

तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला वीज एक्सचेंजमधून, ४८ व्होल्टच्या बॅटरीवरून मिळे. घरची वीज गेली तरी तो चाले. फायबरच्या जोडणीत तसे होत नाही, कारण काचेतून वीज जात नाही. भिंतीवरचा मोडेम बंद पडला की त्याला जोडलेला लँडलाइनही बंद. मोडेमसाठी मिळणारा छोटा यूपीएस ही उणीव काही तास भरून काढतो. मोडेमवर लॉस या नावाचा लाल दिवा लागला असेल तर फायबरमधून प्रकाश येत नाही, म्हणजे तक्रार कंपनीकडे करायची. तो बंद असून आवाज तुटत असेल तर दोष बहुधा घरातच असतो. फोन राउटरजवळ नेणे, राउटर कपाटाबाहेर आणि उंचावर ठेवणे, ५ गिगाहर्ट्झचा वाय-फाय वापरणे, कॉलच्या वेळी मोठे डाउनलोड थांबवणे आणि ऑफिसचा आयपी फोन केबलने जोडणे, एवढ्याने बहुतेक तक्रारी मिटतात. राउटरमध्ये आवाजाला प्राधान्य देण्याची सोय असेल तर ती चालू करावी.

आपत्कालीन ११२ हा नंबर मात्र व्हॉट्सअ‍ॅपसारख्या अ‍ॅपवरून लागत नाही. तो मोबाईलच्या डायलरवरूनच लावावा. आपल्या कंपनीची रेंज नसली तरी फोन जवळच्या दुसऱ्या कंपनीच्या जाळ्यावरून ११२ लावण्याचा प्रयत्न करतो. घरात वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर फायबर, मोबाईल आणि बॅटरी यांपैकी किमान दोन गोष्टी एकमेकांवर अवलंबून न राहता चालतील, अशी व्यवस्था आधीच करून ठेवावी.